शस्त्रक्रिया शहरात, चयापचय गावात

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयी आपल्या सीमाभागात दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. एक वर्ग तिला श्रीमंतांची हौस समजतो. 'तोंडाला थोडा आवर घातला असता, तर पोट कापून घेण्याची वेळ कशाला आली असती?' असे म्हणून तो मोकळा होतो. दुसरा वर्ग तिला मधुमेहावरचा कायमचा तोडगा मानतो आणि प्रसंगी शेताचा तुकडा विकून हैदराबाद, सोलापूर वा पुणे गाठण्याची तयारी ठेवतो. वरकरणी ही दोन्ही मते परस्परविरोधी भासतात. तथापि दोहोंच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ही शस्त्रक्रिया म्हणजे पोटाची पिशवी लहान करणे, एवढीच दोघांची समजूत असते. प्रत्यक्षात तिच्यामुळे शरीरातील एन्झाइमांचा, म्हणजेच विकरांचा, अवघा कारभार बदलतो. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांत आटोपते. बदललेला कारभार मात्र पुढची तीस-चाळीस वर्षे चालतो, आणि तो चालतो औराद, भालकी, बसवकल्याण, कमलनगर, आळंद येथील घरांत व आपल्यासारख्या सामान्य डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणूनच या विषयाचा थोडा ऊहापोह स्मरणिकेच्या पानांतून करावा, असे वाटले.

कृश दिसणारा लठ्ठपणा

'आमच्या कोरडवाहू मुलखात लठ्ठ माणसे कितीशी असणार?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मात्र डोळ्यांना दिसते तसे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत आढळतो. याचा अर्थ, हातपाय किडकिडीत आणि पोट तेवढे सुटलेले, अशी जी शरीरयष्टी आपण आठवडी बाजारात सर्रास पाहतो, तीच चिंतेची आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगाला पटवून दिली. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा शरीर-वस्तुमान निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना समान ठरवत होता. चयापचय मात्र दोघांचे निराळे होते. पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९३ पासून त्यांच्या चमूने केलेल्या अभ्यासात असे दिसले की, आपल्याकडील नवजात बालकही वजनाने कमी, पण चरबीच्या प्रमाणात पुढे असते. अर्धपोटी मातेच्या उदरात वाढलेले मूल काटकसर शिकूनच जन्माला येते, आणि पुढे सुबत्ता भेटली की तीच काटकसर त्याच्या मुळावर उठते. पिढ्यान्पिढ्या दुष्काळाशी झुंजलेल्या आपल्या भागाला हे वेगळे सांगावयास नको.

शस्त्रक्रियेच्या निकषांवरही याचा परिणाम झाला आहे. पाश्चात्त्य रुग्णांसाठी निर्देशांक ४०, किंवा सहव्याधी असल्यास ३५, अशी मर्यादा दीर्घकाळ प्रचलित होती. आशियाई लोकांसाठी ती अनुक्रमे ३७.५ व ३२.५ इतकी खाली आणली गेली. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी तर २७.५ च्या वरील आशियाई रुग्णांबाबतही विचार करण्याची मुभा दिली. आपल्या विमा नियामकाने २०१९ मध्ये घालून दिलेली आरोग्यविम्याची अट मात्र ४० आणि ३५ याच जुन्या आकड्यांवर बेतलेली आहे. ज्या देशातील संशोधकाने कृश-लठ्ठपणा जगाला दाखवून दिला, त्याच देशात विमा मात्र परदेशी देहयष्टी प्रमाण मानून दिला जातो, ही विसंगती आपण मुकाट्याने का सोसावी?

विकरांचा बदललेला कारभार

१९९५ मध्ये अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. वॉल्टर पोरीस यांनी जठराच्या बायपास शस्त्रक्रियेचा चौदा वर्षांचा अनुभव प्रसिद्ध केला. प्रौढवयात जडलेला मधुमेह असणाऱ्या त्यांच्या १४६ रुग्णांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा पूर्ववत झाली होती. विशेष असे की, वजन लक्षणीय उतरण्याआधीच, अवघ्या काही दिवसांत शर्करा खाली येत असे. केवळ चरबी घटल्याने हे घडते, असे मग म्हणता येईना.

याची उकल हळूहळू होत गेली. पहिले कारण यकृत. अन्न एकदम कमी झाले की, यकृतातील चरबी आधी ओसरते आणि ते इन्शुलिनचे पुन्हा ऐकू लागते. मग साखर तयार करणाऱ्या विकरांची अनावश्यक धावपळ थांबते. स्नायूंची सुधारणा मागाहून, वजन घटेल तशी होते. पहिले काही आठवडे सोडले, तर एएलटी, एएसटी व जीजीटी ही यकृताची विकरे बहुतेक रुग्णांच्या रक्तात उतरणीला लागतात.

दुसरे कारण आतड्यात आहे. बायपासनंतर अन्न लहान आतड्याच्या शेवटच्या भागात लवकर पोहोचते आणि तेथील पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक मुबलक सोडू लागतात. हे संप्रेरक इन्शुलिनला चालना देते व भूक शमविते. पण डीपीपी-४ नावाचे विकर त्याचा दोन-तीन मिनिटांतच फडशा पाडते. आपण रोज लिहून देतो त्या सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्या याच विकराला वेसण घालतात. गोळी गळती रोखते. शस्त्रक्रिया ओघच वाढविते. एकाच नदीवरचे हे दोन उपाय आहेत, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

इथवरची कथा आशादायक आहे. तिची दुसरी बाजू मेदपेशींत दडलेली आहे. रक्तातील चरबी मेदपेशींत साठविण्याचे काम लायपोप्रोटीन लायपेज हे विकर करते. अतिलठ्ठ व्यक्तींनी आहारनियंत्रणाने वजन घटविल्यावर या विकराचे काय होते, हे अमेरिकी संशोधकांनी १९९० मध्ये तपासले. ते मंदावेल अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात ते वाढले, आणि जो मुळात अधिक लठ्ठ त्याच्यात अधिक वाढले! गेलेली चरबी परत आणण्याचा शरीराचा हा हट्टच होय. रुग्णाचे वजन पुन्हा वाढू लागले की आपण त्याच्या मनोबलाला दोष देतो. दोष देण्यापूर्वी या विकराची आठवण ठेवावी, अशी माझी आपणा सर्वांस विनंती आहे.

म्हणूनच 'मधुमेह बरा झाला' हे शब्द जपून वापरले पाहिजेत. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के रुग्णांचा मधुमेह ओसरलेला होता. दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. अमेरिकेतील १५० रुग्णांच्या एका तुलनात्मक चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के, स्लीव्ह केलेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास केलेल्यांपैकी २९ टक्के रुग्णांनी ठरविलेले उद्दिष्ट गाठले होते. पुण्याचे डॉ. शशांक शहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कमी निर्देशांकाच्या १५ भारतीय रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांचा सरासरी निर्देशांक २८.९ होता आणि तीन महिन्यांत सर्वांची मधुमेहाची औषधे सुटली होती. निष्कर्ष उत्साहवर्धक खरा, परंतु संख्या लहान आणि पाठपुरावा नऊ महिन्यांचा. शस्त्रक्रिया औषधांहून सरस ठरते, हे मान्य करावे. ती जन्माची मुक्ती देते, असे मात्र कोणालाही सांगू नये.

ज्वारी, तूर आणि आकसलेले जठर

विकर हा कारागीर मानला, तर जीवनसत्त्वे व खनिजे ही त्याची हत्यारे होत. शस्त्रक्रियेनंतर कारागिरांना नवे काम लागते आणि नेमक्या त्याच वेळी हत्यारांचा पुरवठा आटतो. शहरातल्या रुग्णाला दर महिन्याला आहारतज्ज्ञ भेटतो. आपल्या रुग्णाला भेटतो तो घरचा स्वयंपाक आणि पंगतीतला आग्रह.

प्रथिनांचेच पाहा. अशा रुग्णास रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने हवीत. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांस सार्थ अभिमान आहे. परंतु शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. केवळ वरणावर ६० ग्रॅम गाठावयाचे, तर पाऊण पाव नव्हे, पाव किलोहून अधिक डाळ शिजवावी लागेल. स्लीव्हनंतर उरलेले जठर जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटरचे असते आणि बायपासनंतरची पिशवी तर तीसेक मिलिलिटरची. त्यात भाकरीने आधी जागा अडविली, की प्रथिनांना वावच उरत नाही. म्हणून आहाराचा क्रम उलटावा लागतो. आधी अंडे, पनीर, सोयाबीन, दही वा घट्ट वरण; भाकरी नंतर, उरलेल्या जागेत. येळवशीच्या दिवशी शेतात भज्जी-अंबिलाची पंगत बसते, तेव्हा 'अजून थोडे घ्या' हा आग्रह प्रेमाचा असतो. पण शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला तो मानवत नाही, हे सर्व नातलगांनीही ध्यानी घ्यावे.

लोहाची गोष्ट याहून बिकट आहे. लोह मुख्यत्वे ग्रहणीत शोषले जाते, आणि बायपासमध्ये अन्नाला ग्रहणी दिसतच नाही. शिवाय ज्वारीतील फायटेट व जेवणानंतरचा चहा उरलेसुरले लोह अडवितात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया मुळातच रक्तक्षयी आहेत. अशा भगिनीला शस्त्रक्रियेआधी लोह भरून न देता टेबलावर घेणे, हे रिकाम्या विहिरीवर मोट बांधण्यासारखे आहे.

बी-१२ विषयी तर अधिकच सावध असावयास हवे. या जीवनसत्त्वावाचून मेथिओनिन सिन्थेज व मिथाइलमॅलोनिल को-ए म्युटेज ही दोन विकरे पांगळी होतात. परिणामी होमोसिस्टीन वाढते, रक्त बिघडते, पायांना मुंग्या येतात आणि पुढे मज्जारज्जूही दुखावतो. पाश्चात्त्य ग्रंथांत लिहिलेले असते की, यकृतातील साठा काही वर्षे पुरतो. हा साठा आपल्याकडे आहे कोठे? पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत, जी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली, ६७ टक्के जणांत बी-१२ कमी आढळले होते. आपल्या भागातील लिंगायत, जैन, ब्राह्मण आणि माळकरी घरांत शाकाहाराचा परिपाठ मोठा आहे. त्यात अनेकजण वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत आलेले. अशा रुग्णाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच बी-१२ तपासणे आणि नंतर आयुष्यभर ते देत राहणे, याला पर्याय नाही.

सलाईनची पहिली बाटली

आता ज्या मुद्द्यासाठी मुख्यतः हा लेखनप्रपंच केला, त्याकडे वळतो. समजा, भालकी तालुक्यातील चाळिशीच्या एका भगिनीची महानगरात स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. सहा आठवड्यांनी तिला उलट्या सुरू झाल्या. चार-पाच दिवस पोटात काही ठरत नाही, अशक्तपणाने उभे राहवत नाही. घरचे तिला दीडशे किलोमीटरवर नेणार नाहीत. ते नजीकच्या नर्सिंग होममध्ये आणतील. तेथे प्रथम काय होईल? डेक्स्ट्रोजची बाटली लागेल. हेतू निर्मळ असेल, पण परिणाम भयंकर होऊ शकेल.

कारण असे की, ग्लुकोज जाळणाऱ्या पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज, अल्फा-किटोग्लुटारेट डिहायड्रोजिनेज आणि ट्रान्सकिटोलेज या विकरांना थायामिन, म्हणजे जीवनसत्त्व बी-१, अपरिहार्य असते. शरीरात थायामिनचा साठा केवळ दोन-तीन आठवड्यांचा. उलट्यांनी तो संपलेला असताना ग्लुकोज ओतले, तर उरलासुरला थायामिन त्यातच खर्ची पडतो आणि मेंदूच्या पेशी उपाशी राहतात. डोळ्यांची हालचाल बिघडते, तोल जातो, माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो. ही तीनही लक्षणे एकत्र फार थोड्या रुग्णांत दिसतात. म्हणून त्यांची वाट पाहत बसू नये. वेर्निकेचा मेंदूविकार या नावाने आपण हे दारूबाज रुग्णांच्या संदर्भात शिकलो आहोत. थेंबभर दारू न घेतलेल्या गृहिणीत तो आपल्याला ओळखता आला पाहिजे. उशीर झाला, तर स्मृती कायमची जाते.

उपाय अत्यंत स्वस्त आहे. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण उलट्या घेऊन आला, की साधे सलाईन लावावे आणि डेक्स्ट्रोजचा विचार करण्यापूर्वी शिरेतून थायामिन द्यावे. मेंदूविकाराची शंका असल्यास मात्रा एका वेळी २०० ते ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन-तीनदा, असावी आणि उलट्यांचे कारण शोधण्यासाठी मूळ शल्यविशारदाशी त्याच दिवशी बोलावे. काही रुपयांचे हे इंजेक्शन लाखोंच्या शस्त्रक्रियेचे आणि एका संसाराचे रक्षण करते.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिली, शस्त्रक्रियेनंतर ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू ठेवल्यास शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या औषधांचाही फेरविचार करावा लागतो. दुसरी, कंबरदुखीसाठी सहज दिले जाणारे डायक्लोफिनॅक बायपासच्या रुग्णात जोडणीच्या ठिकाणी व्रण करू शकते. तिसरी, जठरातील अल्कोहोल डिहायड्रोजिनेज हे विकर मद्याचा काही अंश तेथेच निकामी करते. शस्त्रक्रियेनंतर हा अडसर कमकुवत होतो. थोडेसे मद्यही लवकर व जोरात चढते. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के असलेले मद्याधीनतेचे प्रमाण दुसऱ्या वर्षात ९.६ टक्के झालेले आढळले. हा प्रश्न रुग्णाला संकोच न बाळगता विचारला पाहिजे.

इंजेक्शनांचा नवा काळ

'आता इंजेक्शने आली, शस्त्रक्रिया हवी कशाला?' असेही कोणी म्हणेल. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही भारतात आले, हे खरे. परंतु तेथेही शरीराचा हट्ट सुटत नाही. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ मध्ये दाखविले गेले आहे. भूक मेल्याने प्रथिने व जीवनसत्त्वे कमी पडण्याचा धोका याही रुग्णांत असतो. साधन कोणतेही असो, पाठपुराव्यातून सुटका नाही.

आपण काय करावे?

माझे मत स्पष्टपणे नमूद करतो. योग्य रुग्णासाठी ही शस्त्रक्रिया उत्तम आहे. तिची भीती घालू नये आणि तिची हेटाळणीही करू नये. परंतु ज्याच्या आयुष्यभराच्या पाठपुराव्याची सोय नाही, त्याला शस्त्रक्रियेस पाठविण्याची घाई करू नये. ही सोय निर्माण करणे आपल्या हातचे आहे, आणि त्यासाठी मोठ्या निधीचीही गरज नाही.

आपल्या सोसायटीने तालुकावार नोंदवही ठेवावी. लठ्ठपणाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची, त्याच्या संमतीने, तीत नोंद असावी आणि त्याची जबाबदारी घेणारा एक स्थानिक डॉक्टर ठरलेला असावा. रुग्णाच्या हाती मराठी, कन्नड व उर्दू अशा तीनही भाषांतील एक कार्ड द्यावे. इंग्रजी डिस्चार्ज कार्ड तिजोरीत जाते, हे आपण जाणतोच. त्या कार्डावर तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी करावयाच्या तपासण्या लिहिलेल्या असाव्यात: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, जीवनसत्त्व डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन, यकृताची विकरे आणि एचबीए-वन-सी. कार्डाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत एकच वाक्य छापावे: 'ग्लुकोजपूर्वी थायामिन द्या.' प्रत्येक नर्सिंग होमच्या तातडीच्या ट्रेमध्ये थायामिनची इंजेक्शने हवीतच.

याच्या जोडीला संशोधनाचेही मनावर घ्यावे. कलबुर्गीत १९६३ पासून महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. बिदरला २००७ मध्ये आणि कलबुर्गीत २०१३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. या संस्थांच्या जीवरसायनशास्त्र विभागांनी आपल्या नोंदवहीतील रुग्णांची विकरे व जीवनसत्त्वे वर्षानुवर्षे मोजली, तर ज्वारी-तूर खाणाऱ्या, बहुतांशी शाकाहारी समाजाचे चयापचय शस्त्रक्रियेनंतर कसे वागते, याचे उत्तर याच मातीतून मिळेल. पुण्याच्या खेड्यांतून जगाला कृश-लठ्ठ बालकाची ओळख होऊ शकते, तर आपल्या तालुक्यांतून असे काही का होऊ नये?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर आपला भाग दोन राज्यांच्या आणि तीन भाषांच्या सांध्यावर राहिला. मोठी रुग्णालये पूर्वेला व पश्चिमेला, आणि आपण मधोमध. शल्यकर्म तिकडे होत राहील. त्याला आपली हरकत असण्याचे कारण नाही. मात्र टाके निघाल्यानंतरची वर्षे आपल्या अंगणात जाणार आहेत. त्या वर्षांची जबाबदारी कोणी शहरातला येऊन उचलणार नाही. ती आपणच, एकमेकांच्या साहाय्याने, उचलली पाहिजे. येत्या वार्षिक सभेत नोंदवहीचा ठराव मांडला जावा आणि तो सर्वानुमते संमत व्हावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून लेखणीला विराम देतो.